डोळे मिटून हजेरी

लातूर
रविवार, ६ एप्रिल २०२५

उमाताईंना मंजुश्रीचा नमस्कार.

ओळख द्यावी लागेल. मी रेवणप्पा हमालांची मुलगी. दोन हजार अकराच्या मे महिन्यात मोंढ्यातल्या हमालांच्या आणि पोती शिवणाऱ्यांच्या मुलांसाठी तुम्ही बोरगव्हाणच्या शाळेत उन्हाळी शिबिर घेतलं होतं. मी तेव्हा दहा वर्षांची होते. सातवी जोडी. मी आणि नाजिया.

तुमचा फोन नंबर मिळाला आहे. दोनदा लावायला घेतला आणि ठेवून दिला. मग हदगावच्या एका शिक्षिकेकडून पत्ता मागितला.

मी आता लोह्याला एका शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. बाबा मोंढ्यातच आहेत, पण आता पाठीवर पोतं घेत नाहीत, वजनकाट्यापाशी बसतात. शाळेनं मूळ दाखले मागितले म्हणून काल लातूरला आले आणि आईनं माळ्यावरची पत्र्याची पेटी काढून दिली.

"कवापासून शोधायलीस गं?" आई म्हणाली. "एवढं शिकलीस, कागद एका जागी ठेवायला कुणी शिकवलं न्हाई का?"

दाखला वरच होता. त्याच्या खाली शिबिराचं सगळं होतं. नावाचा स्टीलचा मग. चिंचोक्यांची पिशवी. तिसऱ्या दिवशी शाळेच्या पायरीवर काढलेला फोटो. त्यात तुम्ही मागे उभ्या आहात आणि उन्हामुळे सगळ्यांनी डोळे बारीक केले आहेत. नाजियानं एकटीनं मोठे उघडे ठेवले आहेत. आणि पिवळ्या कापडाचे दोन बिल्ले, दोन्हींवर सात आकडा, सुतळीनं शिवलेला. नाजियाचे वडील, जिलानीचाचा, पोती शिवायचे. तिनं त्यांच्या दाभणानंच ते शिवले होते. टाके पोत्यासारखेच, मोठे आणि न सुटणारे.

"हे अजून हायच का?" आई म्हणाली. "मी म्हणलं होतं टाकून दे म्हणून." मग ती चहा ठेवायला गेली.

बारा दिवसांचं शिबिर नवव्या दिवशी संपलं. पेपरात आलं होतं: खदानीच्या पाण्यात बुडून मुलीचा मृत्यू, शिक्षिका निलंबित. तुम्ही पोलिसांना सांगितलंत, "मी संध्याकाळची हजेरी घेताना मोजण्यात चुकले." पुढे तुमची बदली हदगावकडे झाली. नाजियाचे आईवडील मोंढा सोडून नांदेडला गेले.

हे सगळं तुम्हाला ठाऊकच आहे, तरी सांगते आहे. कारण असं की आमच्या मुख्याध्यापकांनी मला मे महिन्यात पाच दिवसांचं शिबिर घ्यायला सांगितलं आहे. मी हो म्हणाले. मग वर्गात येऊन बसले आणि हजेरीचं पुस्तक उघडलंच नाही. तुमच्यासारखं शिबिर मला घ्यायचं होतं, खरं तर शिक्षिकाच तुमच्यासारखी व्हायचं होतं. तेव्हा हजेरीबद्दल तुमचं मत विचारावं, असं मनात आलं.

सगळे म्हणतात त्या संध्याकाळी तुम्ही चुकलात. मला तसं वाटत नाही. का वाटत नाही ते या कागदावर मावणार नाही.

असं लिहिलं खरं, पण मागची बाजू कोरी आहे.

तुमची,
मंजुश्री


लोहा
सोमवार, १४ एप्रिल २०२५

उमाताई,

तुमचं उत्तर नाही. मागच्या पत्राला उत्तर देण्यासारखं काही नव्हतंच. आज सुट्टी आहे. खोलीचं दार लावून बसले आहे आणि या वेळी लिहून झाल्याशिवाय उठणार नाही.

तुम्ही हजेरी कशी घ्यायचात ते मला आजही सांगता येतं. वीस जोड्या, अंगणात गोल करून बसायच्या. पहिली शिट्टी झाली की मौन. दुसऱ्या शिट्टीला डोळे मिटायचे. तुम्हीही मिटायचात. मग एकीनं आकडा म्हणायचा आणि तिच्या जोडीदारानं म्हणायचं, "जोडी." एक, जोडी. दोन, जोडी. वीसपर्यंत. पहिल्या दिवशी कुणीतरी विचारलं, बाई, डोळे मिटून कसं मोजायचं? तुम्ही म्हणालात, "डोळ्यांनी मोजतात तो मोंढ्यातला माल. तुम्ही पोती नाही. माणसं विश्वासावर मोजायची." आम्हाला त्याआधी कुणी पोत्यांपेक्षा वेगळे आहात असं सांगितलं नव्हतं. मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. वही पेटीत आहे.

नवव्या दिवशी नाजिया गोलात नव्हती. मी "सात" म्हणाले. मग मान थोडी डावीकडे वळवली, ती बसायची तिकडे, आणि तिच्या आवाजात म्हणाले, "जोडी."

ती तो शब्द ओढून म्हणायची, शेवट वर नेऊन, काही विचारल्यासारखा. आम्ही पडवीत झोपताना एकमेकींच्या नकला करायचो, त्यामुळे मला जमायचं. पुढे आठ, जोडी झालं. वीस झाले. तुम्ही "छान" म्हणालात आणि सगळे पंगतीला गेले.

पंगतीत तुम्ही विचारलंत, नाजिया कुठं आहे? मी सांगितलं, पोट दुखतंय, पडवीत झोपलीय. जेवणं झाल्यावर तुम्ही तिला बघायला गेलात, तेव्हा तास उलटला होता.

तुम्ही चुकला नव्हतात, ताई. तुमच्या कानांवर चाळीस आवाज आले होते. वहीत चाळीसच लिहायला हवे होते आणि तुम्ही चाळीसच लिहिलेत. त्यानंतर चौकशीला आलेल्या माणसांनी आम्हाला एकेकाला बोलावलं. माझी पाळी आली तेव्हा तुम्ही मध्येच म्हणालात, "या मुलीला ताप आहे, हिला राहू द्या." मला ताप नव्हता. पण मला वाटलं, असेल.

एक गोष्ट मी कुणाला सांगू शकत नाही, ती तुम्हालाच सांगते. मला नाजियाचा आवाज आठवत नाही. तिची बोलणी आठवतात, पण ती माझ्याच आवाजात ऐकू येतात. तिचा म्हणून एकच शब्द राहिला आहे, आणि तो तिनं म्हटलेला आहे की मी, हे आता कळत नाही. वर्गात हजेरी घेताना सहा नंबर झाला की माझा गळा आपोआप तयार होतो. सातव्या नंबरला रुद्रेश नावाचा मुलगा आहे. तो "हजर" म्हणतो आणि मी त्याच्या शेजारी बघते. मुलं आता हसतात. "मॅडम, इथं कुणी बसत नाही," म्हणतात.

तुम्ही चौदा वर्षं स्वतःला चुकलेली समजत असाल तर समजू नका. एवढ्यासाठी हे पत्र.

मंजुश्री


लोहा
रविवार, २७ एप्रिल २०२५

उमाताई,

तुमचं पत्र मंगळवारी आलं. पाच दिवस मी ते डब्याच्या पिशवीत घेऊन फिरते आहे. तुम्ही लिहिलं आहे:

"चि. मंजुश्री, तुझी दोन्ही पत्रं मिळाली. मला काही नवीन कळलं नाही, बाळ. त्या संध्याकाळी तुझा आवाज मी ओळखला होता. मी डोळे उघडले, तुझ्या शेजारची जागा पाहिली आणि पुन्हा मिटले. मुलाला खोट्यात पकडून सगळ्यांसमोर लाजवायचं नाही, त्याला आपणहून सांगायला वेळ द्यायचा, असं माझं तेव्हा मत होतं. नाजिया चिंचा पाडायला गेली असेल असं वाटलं. पंगतीत विचारलं तेव्हा तू पुन्हा खोटं बोललीस, आणि मी पुन्हा तुला वेळ दिला. तू उठून माझ्यापाशी येशील म्हणून मी तो तासभर वाट बघत होते. पोलिसांना मी चुकले म्हणून सांगितलं, ते खोटं नव्हतं. तुझं नाव घेतलं नाही, कारण तू दहा वर्षांची होतीस. आता त्याचा विचार सोड. शिबिर घे. मुलांना डोळे उघडे ठेवून मोज."

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी रडले, कारण तुम्ही मला वाचवलं होतंत. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा रडू आलं नाही.

तुम्हाला माहीत होतं. मी तासभर तुमच्या समोर बसून जेवत होते. तुम्ही उठून माझा दंड धरून विचारायला हवं होतं. एक थोबाडीत दिली असती तरी मी सांगितलं असतं. मी दहा वर्षांची होते, मोंढ्यातली होते, आम्हाला थोबाडीत खायची सवय होती. आपणहून सांगायची नव्हती.

आणि नंतर तुम्ही मला ताप आहे म्हणालात. तिथंच मला बोलू दिलं असतं तर आज मी हे पत्र लिहीत नसते. तुम्हाला दोष देते आहे असं नाही. देतेच आहे. ज्या माणसाला मी सगळ्यांत चांगलं मानलं त्याला हे लिहिताना मला भीती वाटते आहे.

तुम्ही मला एक विचारलं नाहीत, तेव्हाही नाही आणि आताही नाही. ती खदानीवर का गेली होती?

त्या दिवशी टँकर आला नव्हता म्हणून दुपारी आम्हाला खदानीच्या काठावर कपडे धुवायला नेलं होतं. गळ्यातला दोरा ओला होऊन खाजायला लागला म्हणून मी इष्टलिंग काढून ठेवलं. तुम्हाला मी समजावून सांगायची गरज नाही, तुमच्याही गळ्यात ते असतं. दीक्षा होऊन मला तीनच महिने झाले होते. आजी, कमलम्मा, रोज बजावायची: लिंग गळ्यात नसेल तर घास तोंडात जाता कामा नये, सापडेपर्यंत पाणीसुद्धा नाही. नाजिया रोज जेवणाआधी माझ्याकडे बघत बसायची. मी तळहातावर लिंग ठेवून पूजा करायची तेव्हा ती स्वतःचा घास हातात धरून थांबायची. कुणी तिला थांबायला सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी गळ्याला हात लावला तर काही नाही.

"दगडावरच राहिलं असंल," नाजिया म्हणाली. "तू आता जेवणार न्हाईस?"

"न्हाई."

"उद्या?"

"सापडलं न्हाई तर उद्या बी न्हाई."

"मरशील की मग," ती म्हणाली आणि हसली. "मी आणते पळत जाऊन. तुला पळता येतंय व्हय, बदकासारखी चालतीस. माझी 'जोडी' तू म्हण." तिनं बिल्ला काढून माझ्या हातात दिला, पळताना पडेल म्हणून.

म्हणून माझ्याकडे दोन आहेत.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मी नाजियाच्या आईला जाऊन सांगणार आहे. हाजराबी नांदेडला देगलूर नाक्याकडे राहतात, बाबांनी मोंढ्यात विचारून पत्ता काढला. तुम्ही त्यांना काय सांगितलं होतं ते मी ऐकलं आहे: पाण्याची ओढ होती पोरीला, नजर चुकवून गेली.

मंजुश्री


लातूर
रविवार, ११ मे २०२५

उमाताई,

काल नांदेडला गेले होते. जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

दोन खोल्यांचं घर आहे. हाजराबी उंबऱ्याशी गोधडी शिवत बसल्या होत्या. मी नाव सांगितलं. त्यांनी सुई कापडात खोचली.

"मंजू? रेवणप्पाची?" त्या म्हणाल्या. "केवढी झालीस. ये, आत ये. शिकलीस म्हणं लई."

"हाव. शिकवते आता."

"शादी?"

"न्हाई अजून."

"करू नको लवकर," त्या म्हणाल्या. आतून जिलानीचाचा म्हणाले, "खुद की सोला में हुई, दुसऱ्यांना अक्कल देती." ते भिंतीला टेकून बसले होते. डोळे गेले आहेत असं वाटलं. बारीक सुतळी आता दिसत नाही म्हणाले, बोटांनी शिवतो.

मला इतकं हसून घेतील असं वाटलं नव्हतं. त्यामुळे पुढचं जास्त कठीण झालं.

मी सरबत हातात घेतलं नाही. आधी बोलते म्हणाले. आणि सांगितलं. हजेरीचं, आवाजाचं, पंगतीतल्या खोट्याचं. तुम्ही ओळखलं होतं तेही सांगितलं. मग खदानीवर ती कशासाठी गेली ते. हाजराबींना लिंगाचं समजावून सांगावं लागलं नाही. लातूरला त्यांच्या शेजारची सगळी घरं आपल्या लिंगायतांचीच होती. "हां, वो गले का," त्या म्हणाल्या. "त्याच्याबिगर खात न्हाईत तुम्ही."

मग त्या वळून जिलानीचाचांना म्हणाल्या, "सुने क्या जी? बच्ची खेलने नै गई थी."

"सुना," ते म्हणाले.

"चौदा साल मुझे बोलते आए. पानी का शौक था, जिद्दी थी, तूने सिर चढाई, तूने भेजी कँप को. सुने ना अब?"

"सुना बोला ना."

मला वाटलं, झालं. मी उठायच्या बेतात होते. माझ्या मनाला हलकं वाटायला लागलं होतं, हे मी कबूल करते. तेव्हा जिलानीचाचांनी मान वर करून विचारलं, अगदी साधं, एखाद्याची हरवलेली किल्ली विचारावी तसं:

"मग ते सापडलं का, बेटा? तिच्या हातात तर काही नव्हतं. मी बघितली ना मुठी."

ताई, तुम्हाला मागच्या पत्रात मी सगळं सांगितलं असं लिहिलं नव्हतं. तुम्ही नीट वाचलं असेल तर तुमच्या लक्षात आलं असेल. मी ते स्वतःलासुद्धा सांगत नव्हते. पेटीसमोर बसले होते त्या दिवशीसुद्धा मी बिल्ले बघितले, फोटो बघितला आणि गळ्याकडे हात नेला नाही.

मी म्हणाले, "सापडलं होतं."

"कवा?"

"ती गेल्यावर लगेच. बसायला टॉवेल उचलला, त्याच्या घडीत होतं."

"मग?"

"ती बांधापर्यंतच गेली होती. दिसत होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण पहिली शिट्टी झाली होती. मौन होतं."

मी एवढंच कारण सांगितलं, कारण एवढंच कारण होतं. मला वाटलं, जाईल, दगडावर बघेल, नाही म्हणून परत येईल. मी लिंग गळ्यात घातलं, गोलात जाऊन बसले आणि डोळे मिटले. ती नाही म्हणून परत आली नाही. ती शोधत राहिली. दगडावर नाही म्हटल्यावर पाण्यात पडलं असेल म्हणून पाण्यात शोधलं असेल. मी उपाशी राहीन म्हणून.

हाजराबींनी विचारलं, "तू जेवलीस त्या दिवशी?"

"हाव."

"पोटभर?"

"दोन भाकरी."

त्यांनी गोधडी मांडीवरून बाजूला केली. मला वाटलं, त्या मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या उठल्या, आत गेल्या, तोंडावर पाणी मारल्याचा आवाज आला. जिलानीचाचा भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि त्यांच्या बोटांत रिकामी सुतळी फिरत होती. बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "उठ. आता जा."

मी उठले. दारात त्या माझ्या मागं आल्या.

"आणिक येऊ नको," त्या म्हणाल्या. "तुला बघितलं की मला तेवढी पोरगी दिसते. केवढी झाली असती ते कळतंय. ते मला नक्को."

"बरं."

"त्या बाईला मात्र घेऊन ये."

मला समजलं नाही. आत्ताच येऊ नको म्हणाल्या होत्या.

"एक बार. तिला सोड, आणि तू बाहेर थांब. मी तिच्या शाळेत गेले होते, मालूम हाय? तिच्या दारात उभी राहून विचारलं, बाई, माझी पोरगी कुठं होती तो घंटाभर? तर हात जोडले, म्हणाली, मोजण्यात चुकले. ती चुकली न्हवती. तिनं ऐकलं होतं. ते तिनं इथं बसून मला सांगू दे. चिठ्ठी नक्को. तू शिकलेली हाईस, तू सांगितलंस. तिनं तर तुला शिकवलंय."

मी तुमची बाजू घ्यायचा प्रयत्न केला. म्हणाले, ताईंनी माझ्यासाठी केलं, मी लहान होते.

"माझी पण लहानच होती," त्या म्हणाल्या.

ताई, मुख्याध्यापकांना मी सोमवारी सगळं सांगून आले होते. शिबिर दुसऱ्या कुणाला द्या म्हणाले. ते म्हणाले, जुनं कशाला उकरता. मी आजवर तुमचं ऐकत आले. तुम्ही लिहिलं, त्याचा विचार सोड. तो मी सोडू शकते असं कालपर्यंत मला वाटत होतं, कारण सोडायचा की नाही हे आपण दोघींनी ठरवायचं असं मी समजत होते. ते आपल्या हातात कधीच नव्हतं.

तुम्ही तो तासभर माझी वाट बघितलीत. मी चौदा वर्षं तुम्ही विचाराल म्हणून वाट बघितली. या पत्राच्या उत्तराची वाट मी बघणार नाही.

येत्या रविवारी, अठरा तारखेला, सकाळच्या गाडीनं मी हदगावला येते. तुमच्या दारात येऊन हाक मारीन, मोठ्यानं. तुम्ही नांदेडला यायला तयार राहा. दुपारी जिलानीचाचाही घरी असतात.

मंजुश्री